सिडनीतलं रान, घाणेरी आणि आपण

ओढ्याकाठची

धागा मुख्यतः सिडनीकरांसाठी आहे, पण इथेही माजलेली घाणेरी (लँटाना) सगळ्यांच्याच ओळखीची, त्यामुळे बाकीच्यांनीही हात धुऊन घ्यावेत.

पश्चिम सिडनीत आमच्या वस्तीमागून एक ओढा जातो. त्याच्या दोन्ही काठांना काउन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, राखलेलं रान आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी तिथे बुशकेअरचा, म्हणजे रान राखणाऱ्या स्वयंसेवकांचा, गट काम करतो, साधारण तीन तास. मीही असते. ओळखीच्यांना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अरे वा, म्हणजे झाडं लावता?" नाही हो. लावतो क्वचित. बहुतेक वेळ जातो उपटण्यात, कापण्यात आणि मग काहीही न लावता वाट बघण्यात. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथलं मूळ रान म्हणजे कंबरलँड प्लेन वुडलँड. चिकणमातीच्या सखल भागात वाढणारं. वर ग्रे बॉक्स आणि फॉरेस्ट रेड गम या जातींच्या निलगिरी, मध्ये बर्सेरियाची काटेरी झुडपं, खाली कांगारू ग्रास. हा सगळा धारुग या मूळनिवासी लोकांचा मुलूख. गोऱ्यांनी तो आधी नांगरला, मग त्यावर गुरं चारली, आता तिथे आपली चार बेडरूमची घरं उभी आहेत. मूळ रानाचा दहावा हिस्साही उरलेला नाही. २००९ मध्ये केंद्र सरकारने ते अतिसंकटग्रस्त यादीत घातलं. जे उरलंय ते असं ओढ्याकाठी, रेल्वेलाइनच्या कडेला, शाळेच्या मागे, तुकड्यातुकड्यांत.

आमचा गट ज्या पद्धतीने काम करतो तिचं श्रेय ब्रॅडली भगिनींना. जोन आणि आयलीन, सिडनीतल्या मोसमन भागात राहणाऱ्या दोघी बहिणी. १९६० च्या दशकात, रोज फिरायला जायच्या त्या रानात जाता-येता त्या तण उपटू लागल्या. रान एकदम भुईसपाट साफ केलं की तण दुप्पट जोमाने येतं, हे त्यांनी बघितलं होतं. त्यामुळे त्यांचा पहिला नियमच उलटा वाटतो: जिथे तण माजलंय तिकडे जाऊच नका. जिथे रान जवळपास धड आहे आणि चुकारच तण आहे, तिथून सुरू करा आणि हळूहळू वाईट भागाकडे सरका. धड भागातल्या मातीत देशी बी शाबूत असतं, तण गेलं की ते आपलं आपण उगवतं. दुसरा नियम, माती कमीत कमी उकरायची आणि पालापाचोळा होता तसा परत पसरायचा. आणि तिसरा, जो पाळताना भल्याभल्यांचा धीर सुटतो: देशी झाडोरा ज्या वेगाने परत येतोय, त्याच्यापुढे धावायचं नाही. आयलीन १९७६ मध्ये गेल्या, जोन १९८२ मध्ये. आज कुठल्याही गटात जा, पहिल्या दिवशी हेच तीन नियम कानावर पडतात.

आता प्रत्यक्ष काम. शतावरीच्या भावकीतलं एक शोभेचं झाड इथल्या बागांतून सुटून रानात शिरलंय. ओढलंत तर खाली पांढऱ्या, पाणी भरलेल्या गाठींचा गुंता लागतो. नवा माणूस एकेक गाठ शोधत खड्डा खणत बसतो. गरज नाही. त्या गाठी म्हणजे नुसती पाण्याची साठवण, त्यांना फुटवा येत नाही. फुटवा येतो तो वरच्या टणक गड्ड्याला. सुरी तिरकी धरून गड्ड्याभोवती गोल फिरवायची, मुळं कटाकट तुटतात, गड्डा हातात येतो. गाठी तिथेच कुजू द्यायच्या. गड्डा आणि लाल फळं मात्र पिशवीत.

दुसरी गंमत केना नावाच्या रानभाजीची. आपल्याकडच्या केन्यासारखं दिसणारं, निळ्या फुलांचं एक झाड इथलं देशी आहे. आणि तसंच दिसणारं पांढऱ्या फुलांचं ट्रॅड हे दक्षिण अमेरिकेतून आलेलं तण. दोन्ही ओलसर सावलीत, कधी एकमेकांत मिसळून. फूल नसेल तेव्हा मी सरळ सुपरवायझरला हाक मारते. ट्रॅडचा पेराएवढा तुकडा राहिला तरी तो पुन्हा रुजतो, त्यामुळे तिथे गुडघे टेकून बसण्याला पर्याय नाही.

कुणाला यायचं असेल तर विचारा. प्रश्नही विचारा.

मालवणी_गजाली

झकास धागा. घाणेरी तकडे पण? म्हणजे तुम्ही सातासमुद्रापार जाऊन तांच काम करतास जां आमी शाळेत आसताना वाडीत करू होतो. फक्त आमका त्याबद्दल चाय कोण देय नाय.

शंकासूर

ताई, कौतुक आहेच. पण दोन शंका. एक, काउन्सिल तुमच्याकडून रेट्स, म्हणजे घरपट्टी, घेतं ना? मग हे काम पगारी माणसं लावून का करत नाही? फुकट मजूर मिळाले की कोण सोडतो. दोन, हे देशी-परदेशीचं सोवळं मला झेपत नाही. तुम्ही स्वतः तिथे बाहेरून गेलात आणि बाहेरून आलेलं झाड उपटताय. निसर्ग बदलतच असतो. घाणेरीला जगू द्या की.

रानफूल

+१ धाग्याला. शंकासूर नावाला जागले.

ओढ्याकाठची

शंकासूर, पहिली शंका रास्त आहे. पगारी माणसं असतात. उंच उतार, झाडांवर चढलेल्या वेली, मोठाले प्रिव्हेट, हे काम ठेकेदारांची माणसंच करतात. तो इथे रीतसर पेशा आहे, १९८६ पासून त्यांची संघटना आहे, टेफ या सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थेत त्याचा अभ्यासक्रम आहे. अडचण अशी की ठेका अनुदानावर चालतो आणि अनुदान संपतं. तण संपत नाही. मोठी सफाई झाल्यावर पुढची काही वर्षं त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन नवी रोपटी उपटावी लागतात. ते किचकट, डोळ्यांचं काम आहे, त्यात शेजारपाजारची माणसं उपयोगी पडतात. त्यांना जागा पाठ असते. आणि खरं सांगू का, फुकट राबतोय असं वाटलं असतं तर मी दुसऱ्या खेपेला गेलेच नसते.

दुसऱ्या शंकेचं उत्तर मात्र थोडं लांब आहे. माझ्या परसात लिंबू आहे, कढीपत्ता आहे. दोन्ही बाहेरचे, कुणी उपटायला येत नाही, कारण ते कुंपण ओलांडून रानात जात नाहीत. आता प्रिव्हेट बघा. चीनमधून कुंपणासाठी आणलेलं झाड. हिवाळ्यात त्याला काळी फळं लागतात. करावाँग नावाचा काळा पक्षी आहे, आपल्या डोमकावळ्याच्या अंगलटीचा. पूर्वी हे पक्षी प्रामुख्याने हिवाळ्यात डोंगरातून खाली शहराकडे येत आणि विणीला परत जात. शहरात आयतं खायला मिळू लागलं तसे बरेचसे इथेच राहिले. उन्हाळ्यात त्यांना पिल्लं भरवायची असतात, तेव्हा ते छोट्या पक्ष्यांची घरटी लुटतात. आणि विष्ठेतून प्रिव्हेटचं बी ओढ्याच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत पेरतात. म्हणजे एका कुंपणाच्या झाडापायी चिमणीएवढ्या पक्ष्यांचं बस्तान हलतं.

मी इथे बाहेरून आले हे खरंच. दर वेळी काम सुरू करताना आम्ही धारुग लोकांचं स्मरण करतो, तेव्हा ते डोक्यात असतंच. पण त्याचा घाणेरीला जीवदान देण्याशी काय संबंध, ते मला अजून उमगलेलं नाही.

टेकडीवरचा

मी पुण्याचा. आमच्याकडे उलटी गंगा आहे. तुम्हाला लावायला मिळत नाही म्हणून लोकांचा चेहरा पडतो, इकडे पावसाळा आला की टेकडीवर खड्डे खणायला रांगा लागतात. टेकडी मुळात गवताची. तिथे चंडोल आहेत, सोनकी आहे, पाऊस पडला की तऱ्हेतऱ्हेचे कंद जमिनीतून वर येतात. पण गवत म्हणजे 'ओसाड' असा आपला पक्का समज. काही दशकांपूर्वी लावलेलं गिरिपुष्प, तेही मध्य अमेरिकेतलं, इतकं फोफावलंय की त्याखाली दुसरं काही दिसत नाही. मार्चमध्ये ते गुलाबी फुलतं आणि लोक फोटो काढून 'पुण्याचा चेरी ब्लॉसम' म्हणून टाकतात. डोक्याला हात लावायची वेळ येते.

रोपं लावायला शंभर माणसं येतात. गिरिपुष्पाची पिलावळ उपटायला आम्ही मोजून चौघं. फोटोत उपटणारा माणूस चांगला दिसत नाही ना.

घाणेरीबद्दल एक भर. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू यांनी एक पद्धत बसवलीय, जिम कॉर्बेटमध्ये वापरली गेली. खोड वरून छाटायचं नाही. कुदळीने जमिनीखाली दोनेक इंचांवर मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं. जिथून फुटवे येतात तो भागच निघून येतो. औषध लागत नाही. मग त्या जागी गवत येऊ द्यायचं. पद्धत साधी आहे, पण पाठीची परीक्षा बघते.

मेलबर्नची_मावशी

टेकडीवरच्या, तुझा प्रतिसाद वाचून बरं वाटलं रे. मेलबर्नच्या पश्चिमेला असाच गवताचा माळ होता, ज्वालामुखीच्या दगडांवरचा. अगदी नावापुरता शिल्लक आहे. गंमत म्हणजे त्यातलं मुख्य गवत, ज्याला इथे कांगारू ग्रास म्हणतात, ते भारतातही उगवतं. एकच जात, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत. आणि त्याचंच एक भारतीय भावंड उत्तर ऑस्ट्रेलियात तण म्हणून बदनाम आहे! आमच्या साळुंकीचंही तेच. १८६० च्या दशकात मेलबर्नला आणली, आता तिच्या नावाने सगळे बोटं मोडतात. मला तिचा आवाज ऐकला की माहेर आठवतं, पण हे गटात बोलायची सोय नाही.

आमच्याकडे एक काम तुमच्यापेक्षा वेगळं असतं, ते म्हणजे जाळ. कांगारू ग्रास काही वर्षं तसंच ठेवलं की इतकं दाट होतं की मधली फुलझाडं गुदमरतात. म्हणून ठरवून, परवानगीने, अग्निशमनवाल्यांच्या देखरेखीत जाळतात. मूळनिवासी लोक हे हजारो वर्षं करत आलेत, अलीकडे कुठे त्यांना विचारायला लागलेत. सिडनीत असतं का असं काही?

ओढ्याकाठची

असतं मावशी, पण आमचा तुकडा घरांना खेटून, त्यामुळे तिथे क्वचितच. ते व्हायला हवं असं मला वाटतं. वॅटलचं बी, म्हणजे इथल्या बाभळीचं, मातीत कित्येक दशकं पडून राहतं. त्याचं कवच इतकं कठीण की आच लागल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. काही झाडांच्या बियांना तर आचेपेक्षा धूर हवा असतो. २००४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धुरातलं ते नेमकं रसायन शोधून काढलं. म्हणूनच आम्ही लावायची घाई करत नाही. वरून रिकामी दिसणारी जमीन रिकामी असतेच असं नाही.

टेकडीवरचा, मूळ तोडायची पद्धत गटात नक्की सांगते. ओढ्याच्या उतारावर मात्र अडेल, तिथे माती हलवली की पहिल्या पावसात वाहून जाते. उपटलेली घाणेरी आम्हीही मातीला टेकू देत नाही, झाडाच्या बेचक्यात मुळं वर करून लटकवतो.

सेंद्रिय_शेती

वाचतोय. "औषध लागत नाही" असं टेकडीवरच्यांनी मुद्दाम लिहिलंय, म्हणजे तुमच्याकडे लागतं असं दिसतंय. ताई, रानात ग्लायफोसेट हे तणनाशक मारता की काय? ओढ्याच्या काठावर? मग कसलं आलंय निसर्गरक्षण?

ओढ्याकाठची

मारत नाही, लावतो. फरक आहे. प्रिव्हेटचं खोड जमिनीलगत आडवं कापायचं आणि पंधरा सेकंदांच्या आत खुंटाच्या कडेला औषध चोपडायचं. सगळ्या खुंटाला नाही, सालीच्या लगत आतून जे ओलं कडं दिसतं तेवढ्यालाच. झाडाचं अन्न तिथून मुळांकडे जातं, त्याच्याबरोबर औषधही खाली जातं. वेळ लावला तर काप बंद होतो आणि पुढच्या वर्षी त्याच खुंटाला डझनभर धुमारे. त्यामुळे दोघांनी मिळून करायचं, एक कापणार, एक लावणार. एका खुंटाला काही थेंब.

मडीरा वेलीला तर हेही चालत नाही. तिच्या अंगावर बटाट्यासारख्या गाठी लटकतात. वेल खालून कापली की वरच्या शेकडो गाठी खाली पडतात आणि प्रत्येक गाठीची नवी वेल होते. म्हणून वेल न तोडता खोडाची साल एका बाजूने खरवडून तिथे औषध लावायचं.

रसायनी

मध्ये पडतो, कारण माझा रोजचा विषय आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने फेरतपासणी करून सांगितलं की लेबलवरच्या सूचना पाळल्या तर वापर थांबवण्याचं कारण नाही. ही दोन विधानं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण पहिलं सांगतं की या पदार्थात धोका असू शकतो, आणि दुसरं सांगतं की तुमच्यापर्यंत तो किती पोचतो. शेतात पंपाने फवारणारा माणूस आणि छोट्या बाटलीतून खुंटाला थेंब लावणारा माणूस यांना एका मापात धरू नये. हातमोजे घालावेत, वाऱ्यावर फवारू नये, पाण्यालगत वापरायचं तर पाण्याजवळ चालणारंच उत्पादन घ्यावं. साध्या उत्पादनांत मिसळलेली साबणासारखी द्रव्यं बेडकांना मूळ औषधापेक्षा जास्त बाधतात.

सेंद्रिय_शेती

रसायनी, बेडकांचा मुद्दा माहीत नव्हता. माझं मत तरी बदललेलं नाही. हाताने होईल तेवढं हाताने करावं.

ओढ्याकाठची

करतोच. आमच्या गटातल्या एक आजी बाटलीला हातही लावत नाहीत, सुरी आणि चटई घेऊन एका कोपऱ्यात बसतात आणि त्यांचा कोपरा सगळ्यात स्वच्छ असतो. कुणी बळजबरी करत नाही. औषध तसंही प्रशिक्षण घेतलेल्यांनाच देतात.

मालवणी_गजाली

आता परमाण भाषेत लिवतय, विषय गंभीर आसा. ऑस्ट्रेलियाची बाभूळ आमच्या कोकणात सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली डोंगरच्या डोंगर भरून लावली. किनाऱ्यावर सुरू लावले, तेही तुमच्या बाजूचेच. बाभळीखाली पानांचा थर असा साचतो की वाळवीसुद्धा तोंड लावायला मागत नाही, कातळावरची फुलं तर सोडाच. तेव्हा ताई, तुम्ही आमची तुमच्याकडे आलेली झाडं उपटा, आम्ही तुमची उपटतो. फिट्टमफाट.

(घाणेरी मूळची आपली नाही, माहीत आहे. ती अमेरिकेतून दोन्हीकडे गेली. सूर बिघडवू नका.)

रानफूल

शंका: घाणेरीत पक्षी असतात ना? आमच्या गावी बुलबुल त्यातच घरटी करतात. सगळी काढली तर त्यांनी जायचं कुठे?

ओढ्याकाठची

फार मोलाचा प्रश्न. इथे फेअरी-रेन नावाचा इवलासा निळा पक्षी घाणेरीच्या जाळीत लपतो. पूर्वी तो बर्सेरियाच्या काट्यांत लपायचा, ती गेली म्हणून घाणेरीत आला. आता घाणेरी एका दिवसात काढली तर त्याला उघड्यावर आणल्यासारखं होईल. म्हणून पट्ट्यापट्ट्याने काढतो. एका पट्ट्यात बर्सेरिया कमरेएवढी झाली की मगच शेजारच्या पट्ट्याला हात घालायचा. मुख्यतः याच कारणासाठी आम्ही जी थोडीफार रोपं लावतो ती लावतो. त्यांचं बीही याच परिसरातल्या झाडांवरून गोळा केलेलं असतं, कुठल्याही नर्सरीतून उचललेलं नाही.

अजून एक. ग्रे बॉक्सच्या बुंध्याशी सालींचा आणि पानांचा ढीग साचतो. तो 'नीटनेटका' करायचा नाही. त्याखाली कंबरलँड प्लेनची गोगलगाय असते. तपकिरी शंख, नाण्याएवढा. ती फक्त याच भागात सापडते आणि संकटात आहे. साल उचलून बघितलीत तर हलकेच परत तशीच ठेवायची.

नवा_सिडनीकर

धागा वाचून यावंसं वाटतंय. आम्ही नुकतेच पॅरामॅटाजवळ राहायला आलोय. साप, कोळी वगैरेंची भीती वाटते हे प्रांजळपणे सांगतो. मुलगी सात वर्षांची आहे, तिला आणलं तर चालेल का? आणि काही सामान विकत घ्यावं लागतं का?

मेलबर्नची_मावशी

भिऊ नका हो. हातमोजे घातल्याशिवाय पाल्यात हात घालायचा नाही, एवढं पाळलं की झालं. फनेल-वेब कोळ्याच्या विषावरचं प्रतिविष १९८१ पासून आहे, तेव्हापासून त्याच्या दंशाने कुणी दगावल्याची नोंद नाही.

ओढ्याकाठची

मावशींशी सहमत. साप बहुतेक वेळा आपल्या आधी निघून जातो. मला कोळ्यांपेक्षा गोचिडीची काळजी जास्त. पूर्व किनाऱ्यावरच्या गोचिडीने काही लोकांना जबर ॲलर्जी होते, काहींना तर नंतर मटण, बीफ खाल्लं की त्रास होतो. घरी गेल्यावर कानामागे, केसांत, काखेत तपासा. चावलेली दिसली तर चिमटीत दाबून ओढू नका. फार्मसीत तिला गोठवून मारायचा स्प्रे मिळतो, तो मारा आणि गळून पडू द्या. आधी ॲलर्जी झालेली असेल तर घरी उद्योग न करता डॉक्टर गाठा.

मुलगी चालेल, पण तुमच्यापैकी एकाने पूर्ण वेळ तिच्यासोबत राहायचं. मुलांची नजर तीक्ष्ण असते, केना आणि ट्रॅड ती आपल्याआधी ओळखायला लागतात.

विकत काही घेऊ नका. सिकेटर (छाटणीची कात्री), सुऱ्या, हातमोजे, पिशव्या, सगळं काउन्सिलचं असतं आणि नाव नोंदवलं की विम्याखालीही येता. तुमच्या काउन्सिलच्या नावापुढे 'बुशकेअर' लिहून शोधा, गटांची यादी आणि वार मिळतील. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, बंद बूट, टोपी आणि पाणी. बूट आधी घासून या आणि आल्यावरही तळव्यांवर स्पिरिट मारून घ्या. मुळं कुजवणारा एक बुरशीसारखा सूक्ष्मजीव चिखलातून पसरतो, आणि २०१० मध्ये आलेला मर्टल रस्ट नावाचा तांबेराही कपड्यांवरून जातो. तो निलगिरीच्या, म्हणजे आपल्या जांभळाच्याही कुळावर पडतो.

संपूर्ण आगबंदीचा दिवस असेल किंवा ऊन फार असेल तर काम रद्द होतं, त्यामुळे निघण्याआधी ईमेल बघा. मधल्या सुटीत चहा-केक असतो. चहा त्यांच्या पद्धतीचा, त्याची जबाबदारी माझी नाही.

नवा_सिडनीकर

नाव नोंदवलं. आलं घालून थर्मास आणतो.